सर्पोद्यानातील नोंदवही

सर्पोद्यानातला दिवस तापमापक वाचण्याने सुरू होतो. प्राण्यांकडे नीट पाहण्याआधी मी प्रत्येक काचघराचे दोन आकडे टिपून घेतो, एक उबेच्या टोकाचा आणि दुसरा थंड टोकाचा. अजगराच्या घरात उबेचे टोक 32-33 अंशांच्या आसपास आणि थंड टोक 25-26 अंशांवर असले, तर रात्र ठीक गेली असे समजायचे. त्यातला एखादा आकडा सरकलेला दिसला, की बाकीची कामे बाजूला ठेवून आधी दिवा, तापनियंत्रक आणि वायरी तपासायच्या. आपण खाल्लेल्या अन्नातून स्वतःची ऊब तयार करतो. सापाला, सरड्याला, मगरीला ती बाहेरून घ्यावी लागते. मोकळ्या रानात साप ऊन-सावलीत सरकून ती हवी तेवढी घेतो, पण बंदिस्त जागेत त्याच्या वाट्याला आपण ठेवू तेवढीच ऊब आणि आपण ठेवू तेवढीच सावली येते. म्हणून दोन टोके लागतात. सबंध पेटी एकसारखी गरम ठेवणे हे दिसायला प्रेमळ वाटले, तरी प्रत्यक्षात ते प्राण्याकडून निवड काढून घेणे असते.

या निवडीवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे खाणे झाल्यानंतर समजते. भक्ष्य गिळलेला अजगर उबेच्या टोकाला जाऊन पडतो आणि तिथून हलत नाही, कारण पुरेशी ऊब मिळाली नाही तर पोटातले भक्ष्य पचण्याआधीच कुजू लागते आणि साप ते उलटून टाकतो. बाहेरून तो नुसता सुस्त पडलेला दिसतो, पण आत प्रचंड उलथापालथ चाललेली असते. ब्रह्मी अजगरावर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठे भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या जवनिकेचे, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचे, वस्तुमान सुमारे 40 टक्क्यांनी वाढते आणि पचन संपले की पुन्हा उतरते, असे आढळले. हे वाचल्यापासून जेवलेल्या अजगराच्या काचेवर कोणी टकटक केली, की मला मनापासून वाईट वाटते. प्रेक्षकांना तो आळशी वाटतो आणि त्याने काहीतरी करावे असेही वाटते. तो त्या वेळी जे करत असतो, ते करणे आपल्यापैकी कोणालाच शक्य नाही.

उबेची सगळी साधने विजेवर चालतात, आणि या कामातली माझी सगळ्यात मोठी धास्ती विजेचीच आहे. ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क या जगप्रसिद्ध उद्यानाच्या मुख्य इमारतीला जुलै 2000 मध्ये आग लागली आणि आतले सरपटणारे प्राणी जवळजवळ सगळे गेले. काचेच्या पेटीतल्या सापाला पळून जायला वाट नसते, हे त्या घटनेचे सर्वांत असह्य अंग आहे. मी वायरीचे वेष्टण बोटांनी चाचपून पाहतो, प्लग गरम लागतो का ते पाहतो, आणि दिव्याभोवतीची जाळी हलवून बघतो, कारण उघड्या दिव्याला वेटोळे घालून साप भाजतात आणि भाजत असतानाही पुष्कळदा तिथून उठत नाहीत.

प्रकाशाची गोष्ट उबेपेक्षाही फसवी आहे. दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांना आणि कासवांना अतिनील किरणांचा एक ठरावीक भाग लागतो. त्याच्या साहाय्याने कातडीत जीवनसत्त्व ड-3 तयार होते आणि त्यावाचून खाण्यातले कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. खिडकीतून येणाऱ्या छान उन्हात बसवलेला इग्वाना त्या दृष्टीने अंधारातच बसलेला असतो. खास नळ्या लावल्या तरी काही महिन्यांनी त्यांतले अतिनील किरण कमी होत जातात, आणि नळी मात्र पहिल्यासारखीच लख्ख पेटत राहते. डोळ्यांवर विसंबून चालत नाही, मापकच धरावा लागतो. लोकांनी घरी पाळून मग आमच्याकडे आणून सोडलेले सरडे पाहिले, की ही चूक किती सर्रास होते ते दिसते. त्यांचा खालचा जबडा रबरासारखा मऊ पडलेला असतो, मागचे पाय सुजल्यासारखे गुबगुबीत दिसतात, आणि मालक सांगतात की तो चांगला बाळसेदार झाला होता. ते बाळसे नसते. आतले हाड विरघळत चाललेले असते आणि शरीर त्या जागी तंतूंचा भराव घालत असते. अशा प्राण्याला उचलताना दोन्ही हातांचा आधार द्यावा लागतो, नाहीतर उचलण्यानेच हाड मोडते.

या विषयात ज्या व्यक्तीविषयी मला अतोनात आदर आहे, त्या जोन प्रॉक्टर यांनी हे सगळे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची धुरा त्यांच्याकडे होती आणि 1927 मध्ये उघडलेले तिथले सर्पगृह त्यांनी स्वतः आखले होते. वेगवेगळ्या प्राण्यांना वेगवेगळी ऊब मिळावी आणि अतिनील प्रकाशही मिळावा, असा विचार त्या वास्तूत होता. आयुष्यभर आजाराने ग्रासलेल्या या बाईंनी कोमोडो ड्रॅगनला, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या सरड्याला, इतके माणसाळवले होते, की विद्वानांच्या सभेत त्यांनी त्याला सर्वांसमोर हाताने खाऊ घातले. 1931 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्या काळी हे प्राणी म्हणजे दचकण्यासाठी पाहायच्या वस्तू होत्या. त्यांना दुखते, त्यांना वेगळे ओळखता येते आणि त्यांची गरज मोजता येते, असे मानून इमारत बांधणे ही फार मोठी झेप होती.

मोजमापानंतर पाहणे येते, आणि माझ्या मते आमच्या कामाचे खरे कसब इथेच आहे. कुत्रा आजारी पडला की कण्हतो, जवळ येतो, जेवणाकडे पाठ फिरवतो आणि ते तुम्हाला दाखवतो. साप यातले काहीच करत नाही. रानात दुबळेपणा दाखवणारा प्राणी मारला जातो, म्हणून हे प्राणी आजार अखेरपर्यंत लपवतात, आणि सामान्य नजरेला तो दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून खुणा आधीच शोधाव्या लागतात. नाकपुडीपाशी सुकलेला बुडबुडा आहे का, तोंड किंचित उघडे ठेवून श्वास चालला आहे का, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतात का, हे रोज पाहायचे. ते ठिपके बहुधा सापाच्या अंगावरून बुडून मेलेल्या गोचिडीसारख्या किड्यांचे असतात. एका पेटीत ते दिसले, तर शेजारच्या सगळ्या पेट्यांचा सरंजाम धुऊन काढावा लागतो. विष्ठासुद्धा न्याहाळायची असते. साप लघवीऐवजी पांढरा, खडूसारखा भाग टाकतात. तो पिवळा किंवा केशरी होऊ लागला, तर पाणी कमी पडते आहे किंवा मूत्रपिंडाचे काही बिघडते आहे, असा संशय घ्यायचा. साफसफाईचे काम नव्या माणसाला हलके वाटते, पण प्राण्याविषयी सर्वांत खरी माहिती मला त्याच वेळी मिळते. त्यानंतर हात साबणाने धुणे हा नियम मी कोणालाही चुकवू देत नाही, कारण पूर्ण निरोगी दिसणारे सरपटणारे प्राणीही साल्मोनेलाचे जंतू बाळगत असतात.

पाहिलेले सगळे नोंदवहीत जाते. वजन, खाल्ले की नाही, किती खाल्ले, विष्ठा केव्हा केली, कात कधी टाकली आणि अखंड निघाली की तुकड्यांनी, हे सगळे प्रत्येक प्राण्याच्या पानावर तारखेसह लिहायचे. आमच्याकडे नोंदीत मत लिहायचे नसते, दिसलेले लिहायचे असते. 'उदास वाटला' असे कोणी लिहिले, तर मी त्याला विचारतो की तुला नेमके काय दिसले. मग तो सांगतो की रोज खोडावर असणारा साप आज पाण्याच्या भांड्यात होता. ते लिहायचे. भांड्यात बसण्याचे कारण किडे असू शकते, वाढलेली उष्णता असू शकते किंवा जवळ आलेली कातही असू शकते, आणि ते पुढच्या चार नोंदींवरून ठरते.

अशा नोंदींचे मोल कधी कधी फार दूरवर पोहोचते. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगन मादीने अंडी घातली, आणि ती फलित निघाली. नराचा सहवास तिला कधीच लाभलेला नव्हता. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणीने सिद्ध केले, की नराशिवायच ती पिले आकाराला येत होती. त्या शोधाचे श्रेय प्रयोगशाळेला आहेच, पण ही मादी आयुष्यात कोणाबरोबर राहिली आणि कोणाबरोबर नाही, हे ठामपणे सांगता येणे हा तिच्याजवळ रोज वावरणाऱ्या माणसांच्या शिस्तीचा भाग होता.

कात टाकण्याचा काळ मला सर्वांत नाजूक वाटतो. आधी रंग मळकट होतो, मग डोळे निळसर दुधी होतात, कारण जुनी आणि नवी कातडी यांच्यामध्ये द्रव भरतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे झाकण असते आणि कातीबरोबर तेही निघावे लागते. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो खात नाही, आणि एरवी शांत असणारा सापही फणकारतो. मी तेव्हा फक्त ओलसर शेवाळाची पेटी आत ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात, आणि त्यानंतर एका सकाळी तो खडबडीत दगडावर ओठांची कड घासू लागतो. कात नाकापासून सुटते आणि पायमोज्यासारखी उलटी होत मागे सरकते. ती ओली असतानाच हातात घेऊन मी खिडकीपाशी नेतो आणि डोळ्यांच्या जागी दोन लहान चकत्या आहेत का ते पाहतो. चकत्या आल्या असतील तर सगळे आले. एखादी नसेल, तर ती सापाच्या डोळ्यावर राहिली आहे असे समजायचे, आर्द्रता वाढवायची, आणि चिमट्याने ओढायचा मोह कटाक्षाने टाळायचा. ओढण्याने खालचा डोळाच जायबंदी होतो.

खाऊ घालण्याविषयी लोकांना फार कुतूहल असते, पण त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. भक्ष्य आधीच मेलेले आणि गोठवलेले असते, कारण जिवंत उंदीर सापाला कुरतडून गंभीर इजा करू शकतो. ते हळूहळू वितळवून कोमट करायचे असते, कारण अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात आणि थंड मांसाकडे तो लक्षच देत नाही. लांब चिमट्याने ते पुढे धरायचे आणि बाजूला व्हायचे. नागराजाचे मात्र निराळे असते. रानात त्याचा आहार बहुतांशी इतर सापांचाच असल्याने, त्याला उंदरांवर आणण्यासाठी कधी कधी महिनोनमहिने धीर धरावा लागतो. या प्राण्यांचे न खाणे लगेच संकट नसते. वजन टिकून असेल तर थांबायचे, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

विषारी सापांच्या दालनात एकट्याने पेटी उघडायची नाही, हा आमचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. जगातले पहिले सार्वजनिक सर्पगृह लंडनमध्ये 1849 साली सुरू झाले आणि तिथल्या एका रक्षकाचा 1852 मध्ये नागाच्या दंशाने मृत्यू झाला. मद्याच्या अमलाखाली त्याने नाग हाताळला होता. त्या वेळी प्रतिविष नव्हते. आज ते आहे, तरीही पेटी उघडण्याआधी साप कुठे आहे हे डोळ्यांनी दिसलेच पाहिजे, दुसरा माणूस दाराशी उभा असलाच पाहिजे, आणि हुक हातात घेतल्यावर बोलणे बंद झालेच पाहिजे. सवयीने भीती कमी होते हे खरे आहे. पण घोणशीला माझी सवय होत असली, तरी तिचे विष सौम्य होत नाही. धीट माणसापेक्षा मला रोज त्याच क्रमाने कडी तपासणारा माणूस सोबतीला आवडतो.

प्रतिविष मुळात या प्राण्यांच्याच विषातून येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सापाचे दात ताणलेल्या पडद्यातून भांड्यात रुतू देऊन विष घेतले जाते, ते वाळवले जाते, आणि त्याच्या अगदी लहान मात्रा बहुधा घोड्यांना देऊन त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वेगळी केली जातात. आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्याने 1890 च्या दशकात ही वाट पाडली, आणि मूळ पद्धत अजून तीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. तिच्या अंदाजाप्रमाणे दर वर्षी जगात 81,000 ते 1,38,000 माणसे सर्पदंशाने मरतात. सापाला वाचवायचे की माणसाला, असा वाद जेव्हा कोणी माझ्याशी घालते, तेव्हा मी ही साखळी समजावून सांगतो. निरोगी, नीट खाल्लेला, न भेदरलेला साप नसेल, तर औषधासाठी लागणारे चांगले विषही मिळत नाही.

एका मुलीने मला एकदा अजगराच्या काचेपाशी विचारले, "काका, याला आत कंटाळा येत नाही का?" बरोबरची मोठी माणसे हसली, पण तिने विचारले ते योग्यच होते. तिला मी सांगितले, "बाळा, कंटाळा येतो की नाही हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तो येतोच असे धरून आम्ही चालतो." पूर्वी सापांना त्यांच्या लांबीपेक्षा आखूड पेट्यांत ठेवत आणि त्यांना गुंडाळूनच बसायला आवडते असे म्हणत. आता सापाला संपूर्ण ताणून पडता येईल एवढी जागा हवी, हा आग्रह वाढतो आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे. ज्याला जागा मिळते तो अजगर रात्री अख्ख्या लांबीने सरळ पसरतो, फांदीवर चढतो, आणि हे पाहिल्यावर आखूड पेटीचे समर्थन करता येत नाही. आम्ही फांद्या हलवतो, दुसऱ्या प्राण्याच्या वासाची पाने आत ठेवतो, आणि खाणे दर वेळी वेगळ्या जागी देतो. नव्या वासाच्या दिवशी जिभेची लवलव किती वाढते, ते डोळ्यांना दिसते.

ते आपल्याला ओळखतात का, हाही नेहमीचा प्रश्न असतो. मगरी ओळखतात, याविषयी मला शंका नाही. लांब काठीच्या टोकाला लावलेली खूण दाखवली की पाण्यातून बाहेर यायचे आणि ठरलेल्या जागी थांबायचे, हे त्या शिकतात, आणि त्यामुळे दोरखंड न लावता त्यांची जखम तपासता येते. त्याला माया म्हणावे, असे मला वाटत नाही. मला त्यांच्याकडून माया नकोच आहे. मी जवळ आल्यावर प्राण्याच्या श्वासाची गती बदलली नाही, एवढे मिळाले तरी मला पुरते, कारण भीतीची जागा गेली हे त्यातून समजते.

मगरींच्या विणीचा काळ मात्र वर्षातला सर्वांत जागता काळ. मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि त्यावर पहारा देते. ती काढायची झाल्यास एकाने तिला फळीच्या आडोशाने दूर ठेवायचे आणि दुसऱ्याने खोदायचे. अंडे उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने रेघ ओढायची, आणि तीच बाजू वर ठेवून ते पेटीत न्यायचे. पक्ष्याच्या अंड्यासारखे ते फिरवायचे नसते. गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो आणि अंडे उलटले तर मरू शकतो. काही वेळाने त्या रेघेखाली अपारदर्शक पांढरा पट्टा उमटतो. तो दिसला की अंडे जिवंत आहे. पिलू नर होणार की मादी, हेही गुणसूत्रे ठरवत नाहीत, उबवणीचे तापमान ठरवते. दलदलीच्या मगरीत 28 ते 31 अंशांवर माद्या होतात, तर 32.5 अंशांच्या आसपास बहुतांश नर. एका अंशाच्या फरकाने सबंध घरट्याचे भवितव्य बदलते, आणि तापणाऱ्या जगात या प्राण्यांचे पुढे काय होईल, ही काळजी मला पुस्तकातून नाही, या पेटीवरच्या आकड्यांतून लागली. फुटण्याच्या बेताला आले की अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकू येते. ती ऐकून रानात मादी वाळू उकरते आणि पिलांना जबड्यात धरून पाण्यात नेते. पेटीत ते काम आमच्याकडे येते. कवच फोडायला मदत किती करायची आणि कुठे थांबायचे, हा निर्णय दर अंड्याला नव्याने घ्यावा लागतो.

कासवांची वेळ वेगळीच असते. सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन नावाचे महाकासव 1832 च्या सुमारास जन्मले असे मानतात, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्याने पाहिल्या आहेत. आमच्याकडची कासवेही माझ्यानंतर राहणार आहेत. जे प्राणी आपल्यानंतर जगतात, त्यांची काळजी आपल्याला न भेटलेल्या माणसावर सोपवायची असते, म्हणून कासवांच्या पानांवर मी वजनाबरोबर त्यांच्या सवयीही सविस्तर लिहितो: कोणते कासव उन्हाकडे पाठ करून झोपते, कोणाला भिंतीच्या कोपऱ्यात अडकून बसायची खोड आहे, कोणाच्या पाठीच्या कवचावर जुनी चीर आहे आणि ती किती लांब आहे, कोण पाण्याचे भांडे बदलले की काही दिवस पाणी पीत नाही, आणि कोणाला ताजे गवत आधी दिले, तर ते दुसऱ्या कासवांच्या वाट्यावरही चालून जाते.